धनुष्य घरी ठेवून : तवसाळ ते गुहागर

निघायच्या आदल्या संध्याकाळी पाठपिशवी कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर ठेवली. पाणी सोडून सहा किलो चारशे ग्रॅम. वाणी म्हणाला, "एवढ्यात चार दिवस? आमची माणसं लग्नाला जाताना नुसत्या चपला एवढ्या नेतात." दोन वर्षांपूर्वी हीच पिशवी अकरा किलोची होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी रिक्षा शोधत होतो.

हलकं फिरायचं हे वेड मला एका विचित्र वाटेने लागलं. २०२३ साली साताऱ्याची अदिती स्वामी बर्लिनला तिरंदाजीत विश्वविजेती झाली. ती सतराची, मी बेचाळिशीचा, पण त्या आठवड्यात मी कंपाउंड धनुष्याची चौकशी सुरू केली. आता चिपळुणात घरामागे पेंढ्याच्या गठ्ठ्यावर रोज तीस बाण मारतो. पंचेचाळीस पौंडांची ओढ. पूर्ण ताणलं की धनुष्याच्या टोकांची चाकं फिरतात आणि हातात दहा-अकरा पौंडच उरतात, तेवढ्यात नेम धरायचा. मग रात्री मोबाइलवर अमेरिकेतल्या धनुर्धारी शिकाऱ्यांचे व्हिडिओ. सप्टेंबरात एल्क नावाच्या सांबराएवढ्या, किंबहुना त्याहून थोराड हरणामागे हे लोक एकटे डोंगरात शिरतात, परवाना घेऊन, आठ-आठ दिवस. बंदुकीला दोनशे मीटर चालतात, बाणाला तीस-चाळीस पावलांवर जावं लागतं. म्हणून सगळा खेळ वाऱ्याचा, पायांचा आणि पाठीवरच्या ओझ्याचा. बहुतेक जण रिकाम्या हाताने परततात, आणि तरी पुढच्या वर्षी जातात. मला त्यातला तोच भाग आवडला.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला, आणि ते बरंच झालं. माझ्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. हाकाऱ्याच्या गोष्टी ते रंगवून सांगत, पण शेवटी शेवटी त्यांच्याच गोष्टीतलं जनावर दर वर्षी लहान होत गेलं. आधी डुक्कर, मग भेकर, मग ससा.

तर माझा नियम असा : धनुष्य घरी. जनावर दिसलं की त्याच्या वीस पावलांत जायचं, त्याला कळू न देता, आणि तीन श्वास थांबायचं. बाण सोडायला तेवढा वेळ लागतो. कळलं, की हरलो. या खेपेचं जनावर ठरवलं होतं कोल्हा. पौषात पहाटे तो वाळूवर कुर्ल्या आणि मेली मासळी शोधायला उतरतो, हे किनाऱ्यावरच्या कुठल्याही म्हातारीला ठाऊक असतं.

पहिला दिवस, पौष शुद्ध चतुर्थी

निवळीला उतरून जयगडची एसटी, जयगडच्या धक्क्यावरून शास्त्रीच्या खाडीपलीकडे फेरीबोटीने तवसाळ. बोटीत मी, दोन डंपर, एक वऱ्हाडाचा टेम्पो आणि त्यातला नवरदेवाचा मामा. त्याने विचारलं, "ट्रेकिंग काय?" मी हो म्हणालो. खरं सांगायला बोट फार लवकर लागते.

तिथी बघून निघालो होतो. आमच्याकडे जुना हिशेब आहे : तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन. म्हणजे नवाच्या सुमारास पूर्ण ओहोटी, आणि सकाळभर खडपांच्या कडेने चालायला ओली, घट्ट वाळू. पुढचे तीन दिवस ही वेळ रोज पाऊण-पाऊण तास पुढे सरकणार. अमावास्येच्या उधाणात निघालो असतो तर निम्म्या ठिकाणी डोंगर चढून वळसा घालावा लागला असता.

रोहिल्यापर्यंत कधी पुळण, कधी सडा, म्हणजे कातळाचं पठार. सड्यावर गवत वाळून सोनेरी झालेलं, काजूला मोहोर, करवंदीच्या जाळ्या निर्जीव. हे गवत बघितलं की चूल पेटवायची इच्छा मरते. एक ठिणगी आणि अख्ख्या वाडीच्या कलमांचा कोळसा. मी चूल फक्त भरतीरेषेच्या खाली मांडतो, वाहून आलेल्या लाकडावर. पुढची भरती राखही धुऊन नेते.

सड्यावरून चालताना नजर आपोआप कातळात जाते. उक्षीला कातळात कोरलेला हत्ती मी पाहिला आहे, पूर्ण आकाराचा. रत्नागिरीत हत्ती! ज्याने तो कोरला त्याच्या लोकांचं पोट शिकारीवरच चालत असावं, असं अभ्यासक म्हणतात. त्याने तो इतक्या जवळून पाहिल्याशिवाय पायाची ठेवण अशी उतरणार नाही. त्याला वारा कळत असणार.

हेदवीला चार वाजले. विनायकी चतुर्थी असल्यामुळे दशभुजा गणपतीच्या देवळात गाड्यांची रांग. बाहेरूनच हात जोडले आणि खाली बामणघळीकडे गेलो. उमामहेश्वराच्या देवळाजवळ कातळाला एक उभी चीर पडली आहे. भरतीच्या लाटा तिच्यात घुसतात, कोंडतात आणि वर उसळतात. उधाण नव्हतं, भरतीही उतरायला लागली होती, त्यामुळे पाणी माणसाच्या उंचीइतकंच उडत होतं. आवाज मात्र आधी पायाला कळतो, मग कानाला.

एका काजूबागायतदाराला विचारून बागेच्या कडेला झुला बांधला. "साप-किरडू आहे हां," एवढीच अट. कुळथाचं पिठलं, घरून आणलेली भाकरी, आमसुलाचं पाणी. नऊ-साडेनऊला चंद्र गेला आणि गारवा उतरला. पातळ रजई आठशे ग्रॅमची आहे. पहाटे चारला वाटलं, हजाराची हवी होती.

दुसरा दिवस, पंचमी

साडेसहा. हेदवीच्या पुळणीवर पाण्याच्या रेषेशी एक ठिपका दुडक्या चालीने चाललेला. कुत्रा असता तर शेपूट वर असती. ही खाली, झुबकेदार, टोकाला काळी. मी सुरूंच्या आडून निघालो, अगदी पुस्तकात सांगतात तसं झाडामागून झाड. सत्तर पावलं. साठ. त्याने मान वर केली, माझ्याकडे बघितलंही नाही, आणि पुळणीवरून तिरका निघून गेला.

चूक मला खिशातल्या पुरचुंडीने सांगितली. अमेरिकेत हे लोक पावडरची छोटी बाटली ठेवतात, मी फडक्यात चुलीची राख बांधून ठेवतो. चिमटीभर सोडली तर माझ्या पाठीकडून सरळ समुद्राकडे गेली. खारे वारे आणि मतलई वारे आपण पाचवीत घोकले, परीक्षेत दोन मार्क मिळवले आणि विसरलो. रात्री जमीन लवकर गार होते, पाणी ऊब धरून असतं, म्हणून पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. मी झाडीतून येत होतो म्हणजे माझ्या घामाचं, आमसुलाचं आणि डासांच्या मलमाचं पत्र त्याला केव्हाच पोचलं होतं. किनाऱ्यावर पहाटे लपायला जागा झाडीत आहे आणि वारा पाण्याकडून साथ देणारा. दोन्ही एकदम मिळत नाहीत. कोल्ह्याला हे पिढ्यानपिढ्या ठाऊक असणार, म्हणून तर तो उघड्यावर इतका निवांत फिरतो.

वेळणेश्वर मधे आलं आणि गेलं. सुंदर आहे, पण तिथे लोक बाइक वाळूत घालतात.

दुपारी कोंडकारूळच्या अलीकडे खडकावर गरवायला बसलो. माझी गरी म्हणजे हातावरचीच : लाकडी फळीला गुंडाळलेला तंगूस, शिशाची गोळी, एक आकडा, आमिषाला कोळंबी. सगळं मिळून दीडशे ग्रॅम, आणि लागलं तर रात्रीचं जेवण. भरती चढत होती. तासाभराने ओढ आली. ती जड, आळशी ओढ मी ओळखायला हवी होती. वर आला तो शेंगाळा. मिशा हलवत, हिरमुसल्यासारखा. आकडा काढायला त्याला मुठीत धरला आणि त्याने अंग वळवलं.

शेंगाळ्याला तीन काटे असतात, एक पाठीवर, दोन कल्ल्यांमागे. कल्ल्यामागचा एक माझ्या अंगठ्याच्या गादीत गेला, अर्धा पेर. पहिल्या क्षणी काहीच नाही. मग मनगटापर्यंत कोणीतरी तापलेली तार ओढतंय असं झालं. शेंगाळा मी पाण्यात फेकला की तो आपण होऊन गेला, आठवत नाही. रक्त फार नव्हतं. अंगठा मात्र पाच मिनिटांत दुसऱ्याचा वाटायला लागला. एकट्याने फिरण्यातली खरी अडचण बिबट्या नसते. डाव्या हाताने पिशवीची क्लिप लावता न येणं ही असते.

वाडीतल्या पहिल्या घराच्या अंगणात एक आजी जाळं दुरुस्त करत बसली होती. हात बघून तिने विचारलंही नाही.

"शेंगाला?"

"हो."

"हातात कोन धरतो रं शेंगाला? पायाखाली दाबायचा, नाय तर फडकं घ्यायचं." आत ओरडून तिने सुनेला पाणी तापवायला सांगितलं. "सोसंल तेवढं गरम. हात बाहेर काढायचा नाय."

हे विष उष्णतेने निकामी होतं, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं आणि कोणीतरी आपला हात धरून पातेल्यात बुडवणं यात फरक आहे. पाणी निवलं की सून नवीन ओतायची. पाऊण तासाने ती तार सैल झाली. तोवर आजीने माझी पिशवी एका हाताने उचलून पाहिली होती.

"येकटाच फिरतंस? बायको हाय ना?"

"आहे."

"मंग तिला काय सांगून आलायस?"

सगळं सांगितलं. धनुष्य, वीस पावलं, कोल्हा. ती थोडा वेळ जाळ्याची गाठ मारत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मारायचा नाय, नुसता बघायचा? मंग हितं पडवीत झोप. रात्री कोंबड्यांसाठी येतो तो आपनच." त्या रात्री पडवीत झोपलो, ताडपत्री, झुला, दोऱ्या, सगळं ओझं उगाच. कोल्हा आला नाही. कोंबड्या रात्रभर माझ्यावरच लक्ष ठेवून होत्या.

तिसरा दिवस, षष्ठी

हात सुजलेला. कोंडकारूळवरून अडूर, बुधल, पालशेत, असगोली. पालशेतच्या बाजारात टीटीचं इंजेक्शन घेतलं आणि एक वडापाव, दोन्ही चांगल्या प्रतीचे. बुधलच्या सड्यावरून खालची ती इवलीशी बंदरवाडी दिसली तेव्हा बराच वेळ बसलो. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड कड्याच्या खालून वर येत होता, म्हणजे त्याची पाठ दिसत होती. गरुडाची पाठ बघायला मिळणं ही सड्याची देणगी.

गुहागरच्या पुळणीला लागलो तेव्हा ऊन कलतं होतं. पाच-सहा किलोमीटर सरळ वाळू, मागे सुरू आणि नारळीच्या वाड्या. इथे वाळूवर मुक्काम करायचा नाही, दिवा लावायचा नाही, कारण हा कासवांचा मोसम. ऑलिव्ह रिडले माद्या रात्री वर येतात, मागच्या वल्ह्यांनी खड्डा करतात, शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि परत जातात. वन विभागाचे कासवमित्र ती अंडी उचलून कुंपणातल्या हॅचरीत पुरतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं. आमच्या चिपळूणच्या संस्थेने २००२ साली वेळासला हे काम सुरू केलं, आता किनारभर चालतं.

कासवमित्र पंचविशीतला पोरगा होता. ओळखीच्या वाडीत मला झुला बांधायला जागा त्यानेच मिळवून दिली. चहावर त्याने त्या पाहुणीची गोष्ट सांगितली : २०२१ साली ओडिशात गहिरमाथ्याला जिच्या वल्ह्याला बिल्ला लावला होता, ती मादी २०२५ च्या जानेवारीत इथे गुहागरला अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातून थेट इकडच्या किनाऱ्यावर, साडेतीन हजार किलोमीटर. "पिशवी किती किलोची असेल तिची?" असं मी विचारलं. त्याने मला नीट बघितलं आणि आणखी चहा ओतला.

"कोल्हे येतात?"

"रोज. अंड्यांचा वास येतो ना. म्हणून तर आम्ही रात्रभर चालतो. कोल्हा, कुत्री, घोरपड; आम्ही अर्धा तास उशीर केला की टरफलं."

चौथा दिवस, सप्तमी

त्या दिवशी पुढे अंजनवेल, गोपाळगडाची तटबंदी, इथले लोक अजूनही ज्याला एन्रॉनच म्हणतात तो वीजप्रकल्प, धोपाव्याची फेरीबोट, दाभोळ, हे सगळं झालं. पण लिहायचं आहे ते साडेसहा ते सातचं.

सप्तमीची भरती सव्वापाचला. म्हणजे मी वाळूवर उतरलो तेव्हा पाणी नुकतंच परतायला लागलं होतं आणि कोरडी वाळू अरुंद होती. उजाडायला वेळ होता. राख सोडली : जमिनीकडून समुद्राकडे, संथ. या वेळी मी झाडीत गेलोच नाही. चपला काढून पाण्यात शिरलो आणि घोट्याएवढ्या लाटांतून उत्तरेकडे चालू लागलो. पाण्याच्या आवाजात पावलं बुडतात, आणि मतलई माझा वास थेट अरबी समुद्राला देत होता. लपायला काही नाही, हे खरं. पण अंधारात समुद्राच्या पाठीवर उभा माणूस दिसायलाच कोल्ह्याने तिकडे बघायला हवं, आणि धोका समुद्राकडून येतो हे त्याला कोणी शिकवलेलं नाही.

तो वरच्या अंगाला, मर्यादवेलीच्या कडेशी होता. पाठ माझ्याकडे. पुढचे पाय चालत होते.

पन्नासवर मी गुडघ्यांवर आलो, चाळीसवर पोटावर. ओली वाळू सदऱ्यातून थेट आत येते आणि पौषातली असते. दोन्ही कोपर पुढे, मग अंग ओढायचं. उजव्या अंगठ्यावर भार आला की शेंगाळा परत आठवायचा. तो थांबला की मी थांबायचो. एकदा त्याने मागे वळून थेट माझ्या दिशेने पाहिलं. मी डोळे अर्धवट मिटले, कारण डोळे चमकतात असं त्या व्हिडिओंत सांगतात. बुबुळात लाटेचा शिंतोडा होता, खाज येत होती. तो परत कामाला लागला. आता त्याच्या पाठीवरचे काळपट केस वेगळे दिसत होते, आणि एक कान टोकाला फाटलेला. वाळू मागच्या पायांमधून उडत होती. वारा त्याचा वास मला देत होता : ओल्या गोणपाटासारखा, थोडा तिखट.

पहिला श्वास.

दुसऱ्या श्वासाला मला उजवीकडची खूण दिसली. पाण्याकडून वर गेलेला रुंद पट्टा, दोन्ही बाजूंना आडवे फराटे, जसा छोटा ट्रॅक्टर वर चढून गेला आहे. खालचा भाग भरतीने पुसला होता, वरचा ताजा होता. आणि तो पट्टा जिथे संपत होता तिथेच कोल्हा उकरत होता.

तिसरा श्वास घेतला की नाही सांगता येत नाही. मी उठलो आणि ओरडलो, "हाऽऽड!" आवाज फाटला. कोल्हा जागच्या जागी उडाला, माझ्याकडे बघितलं, आणि खरं सांगतो, त्याच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा अपमान जास्त होता. मग सुरूंत गेला. मी खड्ड्याशी धावलो आणि हातांनी वाळू परत ढकलू लागलो, एका सुजलेल्या हाताने.

पुळणीच्या त्या टोकाकडून कासवमित्र पळत आला. हातात काठी, बॅटरी बंद.

"काय झालं? ओरडलात कशाला?"

"कोल्हा! घरटं उकरत होता!"

तो वाकला, खड्ड्यात कोपरापर्यंत हात घातला, चाचपलं आणि हसायला लागला. "दादा, ही रिकामी आहे. तीन वाजताच उचलली अंडी मी. वास राहतो ना, म्हणून येतो तो. उकरू दे की, कंटाळून जातो."

मी वाळूत बसलो. त्याने मला वरून खालपर्यंत पाहिलं : सदरा, दाढी, कोपरं, सगळं वाळूने माखलेलं. म्हटलं, आता आलोच आहोत तर मोजू. खड्ड्यापासून मी जिथे उठलो तिथवर चालत गेलो. बावीस पावलं. त्याच्या लांब टांगांनी वीस. त्याने वीसच धरा म्हणून आग्रह केला, मी बावीस लिहून घेतली.

तोवर चांगलं उजाडलं होतं. तो पाण्याच्या दिशेने बघत एकदम गंभीर झाला आणि मला हाताने मागे सारलं. लाटांपासून वर आलेला एक दुसरा पट्टा, रुंद, दोन्ही बाजूंना आडवे फराटे. तो बॅटरी खिशात घालून वाकून त्याच्या कडेकडेने निघाला, खूण मोडू नये म्हणून पाय जपून टाकत.

"आणखी एक आली वाटतं," तो पुटपुटला. "पण ही वर येऊन मधेच कुठे गेली?"

मी माझी कोपरं झटकली.